गर्भवतीचे ताट शेवटी का?

कुणाच्या घरी बाळ जन्मले की आपल्या समाजात दोन प्रश्न लगेच विचारले जातात. मुलगा की मुलगी, हा पहिला. आणि वजन किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणाच्याच हाती नसते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी घरातल्या माणसांच्या हाती असते, आणि तेही बाळ जन्मायच्या कितीतरी आधीपासून. त्या नऊ महिन्यांत बाळाची आई काय जेवली, केव्हा जेवली आणि जेवायच्या आधी किती राबली, हे विचारणारे कुणी भेटत नाही. म्हणून या अंकात आम्ही याच विषयावर लिहायचे ठरविले आहे.

शाळेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही पालकांना वाटेल. त्याला आमच्याजवळ दोन उत्तरे आहेत. मूल आमच्याकडे पहिलीत येते तेव्हा ते सहा वर्षांचे असते. त्याच्या शरीराचा आणि मेंदूचा पाया त्यापूर्वीच घातला गेलेला असतो, आणि त्या पायाचा मोठा भाग आईच्या पोटातच पूर्ण होतो. तो कच्चा राहिला तर शिक्षकांनी वरून कितीही मजले चढविले तरी कुठेतरी उणीव राहतेच. दुसरे उत्तर असे की आज आमच्या नववी-दहावीच्या वर्गांत बसणाऱ्या मुली आठ-दहा वर्षांत माता होतील. त्यांच्या बाळांच्या प्रकृतीची तयारी आज त्यांच्या डब्यात होते आहे. तेव्हा हा विषय शाळेचाच आहे.

गर्भाची वाढ कशी होते ते थोडक्यात पाहू. गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी बंद होते. पुष्कळ स्त्रियांना तोवर आपल्याला दिवस गेले आहेत हेही ठाऊक नसते. या कामाला फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व लागते. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे वजन जेमतेम तीनशे ग्रॅम असते. सातवा महिना लागतो तेव्हा ते एक किलोच्या आसपास पोहोचते. म्हणजे जन्माच्या वेळच्या वजनातला दोन तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत वाढतो. ही सगळी वाढ आईच्या रक्तातून वारेमार्फत बाळाला मिळणाऱ्या अन्नावर होते. आईच्या रक्तात जे नाही ते वार कुठून आणणार?

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कमी वजनाचे मानले जाते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात साधारण १८ टक्के बाळे अशी आढळली. त्याच पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आपल्या मध्यप्रदेशचे चित्रही तेच आहे. एका वर्गात चाळीस मुले असतील तर त्यांतली वीस-बावीस मुले रक्तक्षयी आईच्या पोटी वाढलेली असू शकतात, असा याचा साधा हिशेब आहे.

या बाबतीत आपल्या मराठी मुलखात झालेले एक काम प्रत्येक मराठी घराला ठाऊक असायला हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. सुमारे आठशे गर्भवती स्त्रियांचे जेवण, काम, रक्त आणि पुढे त्यांच्या बाळांची वाढ यांची नोंद त्यात ठेवली गेली. त्या शेतकरी घरांतल्या बाया होत्या. त्यांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते, आणि दिवसाचे जेवण अठराशे कॅलरीच्या आतच होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउदम्पटन शहरातली बाळे साडेतीन किलोची होती.

या अभ्यासातून निघालेली पहिली गोष्ट अशी की एकूण किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याचा बाळाच्या वाढीशी अधिक जवळचा संबंध दिसला. अठराव्या आठवड्यात ज्या स्त्रिया दूध जास्त वेळा घेत होत्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्या हिरव्या पालेभाज्या व फळे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. पालेभाजी आणि पेरू या काही श्रीमंताघरच्या वस्तू नव्हेत. तरी त्या गर्भवतीच्या ताटात नव्हत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. ही बाळे वजनाने लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातली इंद्रिये लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारी, तरी आतून चरबी बाळगणारी अशी ही भारतीय बाळाची घडण आहे. अशा बाळाला पुढे शहरी खाणे आणि बैठे जीवन मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. आपल्या समाजात चाळिशीच्या आतच साखरेच्या गोळ्या सुरू झालेली किती माणसे आहेत हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे. त्याचे एक मूळ त्यांच्या आईच्या गरोदरपणातल्या ताटापर्यंत जाते, असे हे संशोधन सांगते. इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या जुन्या जन्मनोंदी तपासून १९८९ साली असेच दाखविले होते, की कमी वजनाने जन्मलेल्या माणसांत पुढे हृदयरोगाने होणारे मृत्यू जास्त असतात.

तिसरी गोष्ट आपल्या शाकाहारी घरांसाठी फार महत्त्वाची आहे. पुण्याच्या त्या मातांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व वरणात नाही, भाजीत नाही, भातातही नाही. ते दूध, दही, अंडी, मासळी आणि मांस यांतूनच मिळते. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली. यावरून गोळ्या बंद करा असा अर्थ कुणी काढू नये. फॉलिक ॲसिडची गोळी हवीच. तिच्या जोडीला पेलाभर दूध किंवा अंडेही हवे, एवढाच याचा अर्थ आहे. घरात पाळणूक कडक असेल तर बी-१२ तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी.

आता आपल्या बालाघाटकडे येऊ. आपला जिल्हा धानाचा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, वारासिवनी, कटंगी, लांजी, किरनापूर असो की पलीकडचे गोंदिया-भंडारा असो, ताटात मुख्य भात. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण भाताने पोट भरते, बाळ भरत नाही. पुष्कळ घरांत गर्भवती सुनेच्या वाट्याला भाताचा ढीग, वर पातळ वरण आणि तिखटाचा ठेचा एवढेच येते. आणि ते सुद्धा सर्वांचे आटोपल्यावर. दूध चहात जाते, भाजीचा तळ उरतो, अंडे कमावत्या पुरुषाच्या आणि मुलाच्या ताटात पडते. यात कुणी दुष्ट असते असे नाही. तशी रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही, एवढेच.

या रीतीमागे काही समजुती आहेत. त्यांची थट्टा करून भागणार नाही. जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल, असे आपल्या आज्या सांगत. त्यांच्या काळी अडलेल्या बाईला बैलगाडीतून न्यावे लागे आणि वाटेतच तिचा जीव जात असे. त्या भीतीला आधार होता. आज १०८ क्रमांकावर गाडी येते आणि शासकीय रुग्णालयात बाळंतपण होते. बाळ मोठे होण्याच्या भीतीपेक्षा ते दोन-सव्वादोन किलोचे जन्मण्याची भीती आज कितीतरी खरी आहे. केळे खाल्ले की सर्दी, दही खाल्ले की बाळाला कफ, अंडे उष्ण, या समजुतींचेही तसेच. कच्च्या पपईच्या चिकापासून सावध राहणे ठीक आहे, पण त्यासाठी केळे, पेरू, दही आणि पालेभाजी यांवर नऊ महिने बंदी घालण्याचे काहीच कारण नाही.

उलट टोकाची घरेही आपल्यात आहेत. तिथे 'आता दोन जिवांचे खायचे' म्हणून सुनेला तूप, साखर, लाडू, शिरा यांचा मारा होतो आणि पलंगावरून उतरू देत नाहीत. हेही योग्य नव्हे. गरोदरपणात येणारा मधुमेह वाढतो आहे आणि त्यातून आई व बाळ दोघांनाही धोका असतो. वैद्यकीय शिफारशीप्रमाणे गर्भवतीला दिवसाला साधारण साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे किती? एक मोठी पोळी, एक वाटी घट्ट वरण आणि एक पेला दूध. एवढीच भर, पण रोजची. प्रकृती मूळची ठीक असेल तर नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढले म्हणजे पुरे.

काय खावे हे सांगताना आम्ही महाग डब्यांची नावे घेणार नाही. आपल्या परिसरात जे पिकते त्यातच सारे आहे. मुनग्याची पाने, पालक, मेथी, अंबाडी, लाल भाजी, कोचईची पाने, पावसाळ्यातला तरोटा, यांपैकी एक भाजी रोज वाटीभर असावी. तुरीची, मुगाची किंवा चण्याची डाळ दोन्ही वेळा, आणि ती घट्ट. ज्यांना चालते त्यांनी अंडे आणि तळ्यातली लहान मासळी घ्यावी. भिजवलेले चणे, शेंगदाणे आणि गूळ दुपारच्या वेळी घ्यावे. हंगामाचे एखादे फळ असावे. पेरू आणि आवळा आपल्याकडे स्वस्तात मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जाते. भाताची पेज फेकून देऊ नये. भाजी लोखंडी कढईत करावी. यांतले काहीही खर्चाचे नाही.

गोळ्यांविषयी थोडे. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायच्या असतात. कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत, दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. पुष्कळ घरांत मळमळ होते म्हणून किंवा शौचाला काळे होते म्हणून गोळ्या फडताळात पडून राहतात. काळे होणे हे घाबरण्यासारखे नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. आपल्या भागात सिकलसेलचा आजारही आहे. म्हणून रक्त कमी निघाले तर त्याचीही तपासणी करून घ्यावी. त्याचे निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली आपल्याच मध्यप्रदेशातल्या शहडोल येथून सुरू झाले. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयात गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा.

कामाचा विषयही ताटाइतकाच मोठा आहे. पुण्याच्या त्याच अभ्यासात शेतीचे आणि घरचे जड काम जास्त करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान आढळली. आपल्याकडे आषाढ-श्रावणात धानाची रोवणी असते. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बायांत सातव्या-आठव्या महिन्यातल्याही असतात. मजुरी सोडणे सर्वांना परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण घरचे पाणी भरणे, लाकडे आणणे, जनावरांचे करणे, एवढे तरी त्या तीन महिन्यांत नवऱ्याने आणि दिराने उचलावे. त्याला पैसा लागत नाही.

आता एक प्रश्न राहतो. गरोदरपण लागल्यावर खाणे सुधारले म्हणजे झाले का? मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला. साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. काहींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते. काहींच्या खाऊत या वस्तू फार कमी होत्या. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने पालेभाजीचा खाऊ खाल्ला त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची जन्मली. शिवाय गरोदरपणातला मधुमेह एका गटात सुमारे १२ टक्के तर पालेभाजीच्या गटात सुमारे ७ टक्के स्त्रियांत आढळला. ४८ ग्रॅम म्हणजे फार नाही, मूठभर चणे. एका पिढीच्या खाऊने शंभर वर्षांची उणीव भरून निघत नाही, हे त्यातून कळते. पण खाण्याची तयारी दिवस जाण्याच्या आधी सुरू व्हायला हवी, हेही कळते.

म्हणूनच आमच्या मते या कामाची खरी सुरुवात मुलींच्या डब्यापासून होते. अकरा ते अठरा या वयात मुलगी स्वतःच वाढत असते आणि मासिक पाळीमुळे तिचे लोह खर्च होत असते. त्याच वयात तिला 'पुरे आता, मुलीच्या जातीला इतके नको' असे म्हणणारी घरे आहेत. भावाला दूध आणि बहिणीला चहा, हे आम्ही पालकसभेत अनेकदा ऐकले आहे. त्याच वयात लग्न लावले तर प्रकार आणखी बिघडतो. अठरा वर्षांच्या आत आई होणारी मुलगी आणि तिच्या पोटातले बाळ एकाच ताटातल्या अन्नासाठी जणू भांडतात, आणि दोघेही हरतात. लग्न उशिरा होणे आणि मुलगी बारावीपर्यंत शिकणे हाही बाळाच्या पोषणाचाच भाग आहे.

शासनाने काही केले नाही असे म्हणता येत नाही. १९७५ सालापासून आंगणवाड्या आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती आणि स्तनदा मातेचा आहार हा तिचा कायदेशीर हक्क ठरला. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात. शेजारच्या महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी भागातल्या गर्भवतींना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. पण आंगणवाडीतून आणलेल्या पाकिटातला आहार घरी सगळ्या मुलांत वाटला जातो आणि मातृवंदनेचे पैसे उधारी फेडण्यात जातात. शासन घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकते. आतले ताट कुणी कुणाला वाढायचे हे घरच ठरवते.

आणि घर म्हणजे फक्त सून नव्हे. बाळ कमी वजनाचे जन्मले की 'हिने नीट खाल्ले नाही' असा ठपका बाळंतिणीवर ठेवला जातो. हा अन्याय आहे. बाजाराची पिशवी नवऱ्याच्या हाती, डब्याच्या किल्ल्या सासूबाईंच्या हाती आणि दोष मात्र सुनेच्या माथी. जिच्या हाती निर्णय नाही तिला जबाबदार धरता येत नाही. म्हणून आम्ही हा लेख गर्भवतींपेक्षा सासूबाई, सासरे आणि नवरे यांच्यासाठी अधिक लिहिला आहे.

आपल्याकडे डोहाळजेवणाची सुंदर रीत आहे. हिंदीत जिला गोदभराई म्हणतात तिच्याशी नाते सांगणारी. सातव्या महिन्यात सुनेला हिरवी साडी नेसवतात, फुलांनी सजवतात, ओटी भरतात आणि तिला जे आवडते ते खाऊ घालतात. गर्भवतीची इच्छा पुरवावी, तिला आधी आणि चांगले वाढावे, हे आपल्या पूर्वजांना कळत होते म्हणूनच हा सोहळा आला. पण आपण त्या एका दिवसात सारा मान संपवतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेवटच्या पंगतीला, उरलेल्या भाजीपुढे.

आमची समाजाला तीनच कळकळीच्या सूचना आहेत. पहिली, डोहाळजेवणात येणाऱ्या आप्तांनी ब्लाउजपीस आणि स्टीलच्या वाट्यांऐवजी डाळ, चणे, शेंगदाणे, गूळ, फळे अशी ओटी भरावी. आणि सोहळा सातव्याऐवजी पाचव्या महिन्यात केला तर ती ओटी अधिक कामी येईल. दुसरी, गरोदरपणात निर्जळी आणि लांबलचक उपवास घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः होऊन माफ करावेत. सून स्वतः 'नको' म्हणू शकत नाही. सासूबाईंनी म्हटले तर तिच्या मनावरचे ओझे उतरते. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. गर्भवतीचे ताट आधी वाढावे. निदान सर्वांबरोबर वाढावे. तिच्या पुढ्यात भाजी, वरण आणि दूध आले की नाही हे पाहूनच घरच्या पुरुषांनी पहिला घास घ्यावा.

शाळेतर्फे आम्ही या सत्रात नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहारावर तासिका ठेवणार आहोत. त्या तासिकांना मुलेही बसतील, कारण पुढे बाजाराची पिशवी त्यांच्याच हाती येणार आहे. एखाद्या शनिवारी मातांना आणि आज्यांनाही बोलावण्याचा विचार आहे. जुन्या काळच्या पालेभाज्या कुठे उगवतात आणि कशा रांधतात हे आम्हाला त्यांच्याकडूनच शिकायचे आहे. पालकांनी आपल्या सूचना शाळेत आणून द्याव्यात, ही विनंती.